म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्ट, न्यूयॉर्क : प्रदर्शने, चित्रपट व सर्जनशील उपक्रम

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात ५३व्या रस्त्यावर असलेले आधुनिक कलेचे संग्रहालय. ‘मोमा’ या नावाने ते जगभर ओळखले जाते. लिली ब्लिस, मेरी क्विन सलिव्हन आणि ॲबी ऑल्ड्रिच रॉकफेलर या तीन कलाप्रेमी स्त्रियांच्या पुढाकाराने ७ नोव्हेंबर १९२९ रोजी, म्हणजे शेअर बाजार कोसळल्यानंतर दहा दिवसांच्या आत, भाड्याच्या जागेत ते सुरू झाले. सेझान, गोगँ, सरा आणि व्हॅन गॉख या चौघांच्या चित्रांचे प्रदर्शन हा पहिला कार्यक्रम. पहिले संचालक आल्फ्रेड बार तेव्हा २७ वर्षांचे होते.

चित्रे आणि शिल्पे यांच्या जोडीने वास्तुकला, छायाचित्रण, कारखान्यात बनणाऱ्या वस्तू आणि चित्रपट यांनाही संग्रहालयात जागा हवी, हा बार यांचा आग्रह पहिल्यापासून होता. विश्वस्तांना तो लगेच पचला नाही. १९३४ मध्ये यंत्रकलेचे प्रदर्शन भरले, तेव्हा स्प्रिंगा, बॉल-बेअरिंग आणि जहाजाचा पंखा या गोष्टी शिल्पांच्या थाटात मांडलेल्या होत्या. मोमाचा स्वभाव समजण्यासाठी पुढच्या गाजलेल्या पिकासो-प्रदर्शनापेक्षा हे प्रदर्शन जास्त उपयोगी पडते.

चित्रपट विभाग १९३५ मध्ये ‘फिल्म लायब्ररी’ या नावाने स्थापन झाला. रॉकफेलर फाउंडेशन आणि धनिक जॉन हे व्हिटनी यांनी त्यासाठी पैसा दिला. विभागाच्या पहिल्या क्युरेटर (संग्रहपाल) आयरिस बॅरी या इंग्रज समीक्षिका. लंडनच्या फिल्म सोसायटीच्या संस्थापकांपैकी त्या एक, आणि मोमामध्ये आल्या त्या ग्रंथपाल म्हणून. बोलपट आल्यावर मूकपटांना बाजारात किंमत उरली नव्हती; प्रिंट वितळवून त्यांतली चांदी काढली जात होती. १९३५ च्या उन्हाळ्यात बॅरी आणि त्यांचे पती जॉन ॲबट हॉलिवूडला गेले. मेरी पिकफर्ड यांनी आपल्या बंगल्यावर चित्रपटसृष्टीतील बड्या मंडळींना बोलावले आणि तिथे जुने चित्रपट संग्रहालयाला देण्याचे आवाहन झाले. आपण बनवतो ती कला आहे हे त्या मंडळींना पटवून द्यावे लागले, यातच त्या काळाची कल्पना येते.

गोळा केलेल्या चित्रपटांचे संच करून ते महाविद्यालयांना आणि इतर संग्रहालयांना पाठवले जाऊ लागले. अमेरिकेत चित्रपट हा अभ्यासाचा विषय होण्यामागे या फिरत्या संचांचा वाटा मोठा आहे. १९३८ मध्ये पॅरिस, लंडन आणि बर्लिन येथील संस्थांसह मोमाने चित्रपट-संग्रहालयांचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापला. १९३९ मध्ये स्वतःची इमारत झाली, तीत चित्रपटगृहही होते, पण ते तळघरात. मूकपटांना आर्थर क्लायनर पियानोची साथ करीत. जुना अभिनय पाहून प्रेक्षक खिदळत. गोंधळ थांबला नाही तर खेळ बंद करू, अशी तंबी देणारी काचपट्टी (पडद्यावर दाखवायची स्लाइड) प्रक्षेपण-खोलीत तयार ठेवलेली असे. पुढे ज्यांचे दिग्दर्शक म्हणून मोठे नाव झाले ते लुईस बुन्युएल १९४० च्या दशकाच्या आरंभी काही काळ इथे नोकरीला होते. आज विभागाकडे सुमारे ३०,००० चित्रपट आहेत. ते जपण्यासाठी पेनसिल्व्हेनिया राज्यातील हॅमलिन येथे १९९६ मध्ये वेगळे केंद्र उभारले गेले. जुने चित्रपट ज्यावर असत ती नायट्रेटची फिल्म सहज पेट घेते, त्यामुळे ती भर शहरात ठेवणे धोक्याचे.

प्रदर्शन, चित्रपट आणि मंचीय कला यांची सांगड मोमाने सर्वांत चांगली कधी घातली असेल, तर १९५५ मध्ये, आणि विषय होता भारत. त्या वर्षीच्या भारतीय वस्त्रे व अलंकार यांच्या प्रदर्शनाची मांडणी डिझाइनर अलेक्झांडर जिरार्ड यांनी काल्पनिक बाजारासारखी केली होती : पाण्याचा हौद, सोनेरी खांब आणि वर टांगलेल्या साड्या. भारतीय हस्तकलांच्या जाणकार पुपुल जयकर यांचा त्यात सहभाग होता. सोबतच्या कार्यक्रमांत अली अकबर खाँ यांचे सरोदवादन झाले, तबल्यावर चतुरलाल होते आणि शांता राव यांनी नृत्य केले. चार्ल्स आणि रे ईम्स या डिझाइनर दांपत्याने प्रदर्शनावर लघुपट काढला. पुढे भारत सरकारच्या निमंत्रणावरून त्यांनी १९५८ मध्ये डिझाइनच्या शिक्षणाविषयी अहवाल दिला आणि त्यातून अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था आकाराला आली.

याच निमित्ताने सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ ३ मे १९५५ रोजी मोमात प्रथम दाखवला गेला. प्रदर्शनाच्या तयारीसाठी कलकत्त्याला आलेल्या मोमाच्या मन्रो व्हीलर यांनी अपुऱ्या चित्रपटाची छायाचित्रे पाहिली होती आणि चित्रपट पुरा करून पाठवण्याचा आग्रह धरला होता. प्रिंट घाईघाईने निघाली, तिच्यावर इंग्रजी उपशीर्षकेही नव्हती. बंगाली न कळणाऱ्या प्रेक्षकांनी तो आधी पाहिला, आणि कलकत्त्यात तो यानंतर जवळजवळ चार महिन्यांनी लागला.

मुलांसाठीच्या कामाची घडी कलाशिक्षक व्हिक्टर डी’अमिको यांनी १९३७ पासून बसवली. १९४२ मध्ये सुरू झालेला ‘चिल्ड्रन्स आर्ट कार्निव्हल’ हा त्यांचा सर्वांत लक्षणीय उपक्रम. प्रवेशद्वाराचा आकारच मुलांच्या अंगलटीचा असल्याने चार ते बारा वर्षांच्या मुलांनाच आत जाता येई. आईवडील बाहेर. आधी रंग, आकार आणि पोत यांची ओळख करून देणाऱ्या खेळण्यांचे दालन, मग प्रत्यक्ष काम करण्याची जागा. नमुना देऊन त्याची नक्कल करून घेणे आणि मुलांच्या स्पर्धा भरवणे डी’अमिको यांना मुळीच मान्य नव्हते. आपल्याकडच्या शाळांतील चित्रकलेच्या तासाला हे आजही परके वाटेल. १९६० च्या दशकाच्या आरंभी या कार्निव्हलचा एक संच अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी जॅकलिन केनेडी यांच्यामार्फत इंदिरा गांधींना भेट मिळाला आणि भारतातील मुलांसाठी वापरला गेला. महायुद्धातून परतलेल्या सैनिकांसाठीही संग्रहालयाने १९४४ ते १९४८ या काळात कलाकेंद्र चालवले. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना त्यांच्या सोबत्यांसह चित्रे पाहायला बोलावणारा अलीकडचा उपक्रम याच परंपरेतला आहे.

२०१९ मध्ये वाढीव इमारत खुली झाली, तेव्हा माध्यमांच्या भिंती पाडून चित्रे, छायाचित्रे, वस्तू आणि चित्रपट एकाच दालनात कालक्रमाने मांडले गेले. विभाग सुरू झाल्यापासून ८४ वर्षांनी चित्रपटाला वरच्या मजल्यांवर पक्की जागा मिळाली. हे बरेच आधी व्हायला हरकत नव्हती.

मराठी वाचकाच्या ओळखीची काही नावे या संग्रहालयाच्या इतिहासात भेटतात. नागपूरला जन्मलेले वासुदेव गायतोंडे यांचे १९६२ मधील एक चित्र मोमाच्या संग्रहात आहे. स्वातंत्र्योत्तर दक्षिण आशियाच्या वास्तुकलेवरील २०२२ च्या प्रदर्शनात कोकणातील आचऱ्याचे अच्युत कानविंदे आणि मुंबईचे चार्ल्स कोरिया यांच्या वास्तू मांडल्या होत्या. नव्या दिग्दर्शकांसाठी मोमा आणि लिंकन सेंटरची फिल्म सोसायटी यांनी १९७२ पासून चालवलेल्या वार्षिक महोत्सवात २०१५ मध्ये चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ दाखवला गेला, या वेळी अर्थातच उपशीर्षकांसह.