सामूहिक शोक, मुंबईतील

बॉम्बस्फोट, गोळीबार किंवा दहशतवादी हल्ल्यात एकाच वेळी अनेक माणसे मारली गेल्यावर शहर ज्या रीतींनी दुःख करते, मदतीला धावते आणि आठवण राखते, त्यांना मिळून हे नाव. घरच्या मयताला सुतक, दहावा, तेरावा अशी ठरलेली वाट असते. शे-दोनशे अनोळखी माणसांसाठी तशी वाट नव्हती. ती मुंबईने प्रसंगाप्रसंगाने पाडली.

रडण्याआधी धावपळ होते. ११ जुलै २००६ रोजी संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. रुळांलगतच्या वस्त्यांतून लोक घरच्या चादरी घेऊन धावले. त्यांच्याच झोळ्या करून जखमींना उचलले. फोन लागत नव्हते. नातेवाईक या रुग्णालयातून त्या रुग्णालयात याद्या वाचत हिंडले. दुसऱ्या दिवशी गाड्या पुन्हा भरून धावल्या आणि त्याला ‘मुंबई स्पिरिट’ म्हटले गेले. हा शब्द आता अनेक मुंबईकरांना बोचतो, आणि ते रास्तच आहे. हातावर पोट असलेला माणूस कामावर जातो तो खाडा परवडत नाही म्हणून.

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ जण मारले गेले. आठवड्याने, ३ डिसेंबरला, गेटवे ऑफ इंडियासमोर अफाट गर्दी जमली. हातात मेणबत्त्या होत्या आणि तोंडी पुढाऱ्यांविरुद्धच्या घोषणा. गृहमंत्री आर. आर. पाटील आणि मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांना पायउतार व्हावे लागले. सीएसटी रेल्वे स्थानकावर पन्नासहून अधिक माणसे गेली, तरी कॅमेरे ताज हॉटेलसमोरच अधिक रेंगाळले, ही तक्रार तेव्हापासूनची.

त्या वेळची सर्वांत वेगळी कृती मुंबईच्या मुस्लिमांची. मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात जागा देण्यास विश्वस्तांनी साफ नकार दिला. वैऱ्यालाही माती द्यावी अशी आपल्याकडची रीत. तीच नाकारून निषेध झाला. पुढच्या बकरी ईदला अनेकांनी दंडावर काळ्या फिती बांधल्या. ते मृतदेह वर्षाहून अधिक काळ जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात पडून होते. अखेर जानेवारी २०१० मध्ये सरकारने ते गुपचूप पुरले.

आठवण राखण्याची जुनी जागा म्हणजे हुतात्मा चौक. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडलेल्यांना तिथे दरवर्षी २१ नोव्हेंबरला फुले वाहतात. गिरगाव चौपाटीवर, जिथे २००८ च्या हल्ल्यात जिवंत पकडल्या गेलेल्या कसाबची बंदूक पकडून ठेवताना पोलीस तुकाराम ओंबळे यांनी अंगावर गोळ्या झेलल्या, तिथे त्यांचा पुतळा आहे. कुलाब्याच्या लिओपोल्ड कॅफेने मात्र काहीच उभारले नाही: भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणा तेवढ्या बुजवल्या नाहीत.

२००६ च्या मृतांची आठवण माहीम स्थानकात जागवली जाते. त्या खटल्यातील सर्व १२ दोषींची शिक्षा मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये रद्द केली. स्फोट कोणी घडवले, हा प्रश्न १९ वर्षांनी त्या घरांत पुन्हा पहिल्यासारखा उभा राहिला.