नाट्यगृहाचा पायगुण

नाट्यगृहाचा पायगुण : अमुक नाट्यगृहात नाटक चालते, तमुक नाट्यगृहात पडते, ही नाट्यव्यवसायातली जुनी समजूत. चालत्या वास्तूला ‘लकी थिएटर’ म्हणतात, पडत्या वास्तूला ‘पनवती’. शुभारंभाचा प्रयोग कुठे लावायचा, शंभराव्या प्रयोगाचा समारंभ कुठे करायचा, हे ठरवताना निर्माते ही समजूत मनात धरतात. उघडपणे मात्र फारसे कोणी बोलत नाही, कारण पुढच्या महिन्यात त्याच नाट्यगृहाची तारीख मागायची असते.

लौकिक कसा तयार होतो

लंडन आणि न्यूयॉर्क इथे एक नाटक एका नाट्यगृहात उतरले की गर्दी असेपर्यंत तिथेच चालते. ‘द माऊसट्रॅप’ हे नाटक 1952 साली ॲम्बॅसडर्स थिएटरमध्ये सुरू झाले, 1974 मध्ये शेजारच्या सेंट मार्टिन्समध्ये गेले आणि तिथेच राहिले. तेव्हापासून सेंट मार्टिन्समध्ये एकही नाटक पडलेले नाही, कारण दुसरे नाटक आत शिरलेलेच नाही. नव्या निर्मात्याला जे नाट्यगृह रिकामे असेल ते घ्यावे लागते. आणि रिकामे तेच असते, जिथले आधीचे नाटक नुकतेच बंद पडलेले आहे. तिथे वर्षाला दोन-तीन नाटके येतात, त्यातली बहुतेक पडतात आणि नाव वास्तूचे खराब होते. यशस्वी नाट्यगृहाच्या खात्यावर वीस वर्षांत एक नोंद, अपयशी नाट्यगृहाच्या खात्यावर चाळीस. या दोन खात्यांची तुलना मुळातच चुकीची आहे.

हा शिक्का पुसलाही जातो. न्यूयॉर्कचे युरिस थिएटर 1972 मध्ये ‘व्हाया गॅलॅक्टिका’ या संगीतिकेने उघडले आणि ती सात प्रयोगांत बंद पडली. तीच वास्तू आज गर्शविन म्हणून ओळखली जाते आणि तिथे 2003 पासून ‘विकेड’ चालू आहे.

उरलेला भाग योगायोगाचा. पाच नाटकांतले एक चालते असे धरले, तर कोणत्याही निर्दोष नाट्यगृहात ओळीने पाच नाटके पडण्याची शक्यता 0.8 चा पाचवा घात, म्हणजे सुमारे 33 टक्के. तीन नाट्यगृहांपैकी एकाला विनाकारण ‘पनवती’ ठरवायला एवढे पुरते.

मराठी रंगभूमीवरचा फरक

मराठी नाटक फिरते. सकाळी एका शहरात, रात्री दुसऱ्या, असे प्रयोग लागतात. त्यामुळे दादरचे शिवाजी मंदिर किंवा पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर (1968) ‘चालते’ असे म्हणताना खरे तर तिथल्या शनिवार-रविवारच्या तारखांबद्दल बोलणे चाललेले असते. चांगल्या तारखांवर साधारणपणे आधीच गर्दी खेचणारी नाटके बसतात आणि नव्या संस्थेच्या वाट्याला मंगळवारची दुपार येते. ती दुपार रिकामी गेली की बोल नाट्यगृहाला लागतो.

नाशिकमध्ये हे अधिक स्पष्ट दिसते, कारण इथे निवडीला फारसा वावच नाही. मुंबई-पुण्याहून येणारे व्यावसायिक नाटक मुख्यतः शालिमारजवळच्या महापालिकेच्या महाकवी कालिदास कलामंदिरात होते. सार्वजनिक वाचनालयाचे (स्थापना 1840) परशुराम साईखेडकर नाट्यगृह आटोपशीर; राज्य नाट्य स्पर्धेच्या आणि हौशी संस्थांच्या प्रयोगांशी त्याचे नाव जोडलेले. गंगापूर रोडवरचे रावसाहेब थोरात सभागृह आणि कुसुमाग्रज स्मारकाचे विशाखा सभागृह इथेही कार्यक्रम होतात, पण भरगच्च नेपथ्याच्या नाटकाला ते सोयीचे नाहीत. एकाच रंगमंचावर चालणारे नाटकही येणार आणि पडणारेही. तेव्हा नाशिकमध्ये पायगुण वास्तूचा नसून तारखेचा असतो. शिवाय नाशिककर लेखकाचे नाटकसुद्धा पहिल्यांदा नाशिकमध्येच उभे राहते असे नाही. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग 23 डिसेंबर 1970 रोजी मुंबईच्या बिर्ला मातोश्री सभागारात झाला. नाटक गाजणार की नाही याचा निकाल बरेचदा नाशिकला पोहोचण्याआधीच लागलेला असतो.

वास्तूला किंवा नाटकाला एखादी घटना चिकटतेच असेही नाही. 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरात ‘संगीत शारदा’च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. त्या रात्रीमुळे ‘शारदा’ला कोणी अपशकुनी म्हटले नाही. नाटक पुढे दशकानुदशके होत राहिले. समजुती सोयीप्रमाणे चिकटतात त्या अशा.

वास्तूचा खरा वाटा

तरीही सगळे खापर योगायोगावर फोडून चालणार नाही. काही नाट्यगृहे खरोखरच नाटकाला मारक असतात आणि पहिले कारण आकार हे असते. 360 प्रेक्षक 900 खुर्च्यांच्या घरात, म्हणजे प्रेक्षागृहात, बसले तर ते 40 टक्के भरते. तेच 400 खुर्च्यांच्या घरात 90 टक्के. फार्समध्ये याचा फटका जोरात बसतो. हशा शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जातो, मध्ये चार खुर्च्या रिकाम्या असल्या की तिथेच विझतो. मग नट विनोदासाठी घेतलेली थांबण्याची जागा लांबवतात किंवा गाळतात, आणि दोन्हींनी लय जाते. घरी जाताना प्रेक्षक ‘नाटक पडेल होते’ म्हणतो, खरे पडलेले असते बुकिंग.

दुसरे कारण आवाज. संवादप्रधान नाटकाला घुमण्याचा काळ, म्हणजे आवाज थांबल्यावर त्याचा नाद विरायला लागणारा वेळ, साधारण एक सेकंद असावा. लाकडी किंवा लोखंडी खुर्च्यांच्या सभागृहात आवाज शोषून घेण्याचे काम प्रामुख्याने प्रेक्षकांची अंगे आणि कपडे करतात, म्हणून रिकाम्या घरात तालीम करून लावलेली माइकची पातळी भरल्या घरात कमी पडते, आणि निम्म्या घरात शब्दांची शेपटे एकमेकांत अडकतात. गादीच्या खुर्च्यांत हा फरक बराच कमी होतो. कालिदासचे स्मार्ट सिटी योजनेतून नूतनीकरण होऊन ते 2018 मध्ये पुन्हा खुले झाले. अशा बदलानंतर जुने अनुभव लागू पडत नाहीत, तरी चर्चा त्यांच्याच आधारे चालते.

तिसरे कारण रंगमंचाबाहेर असते. शालिमार परिसरात संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळणे कठीण, आणि उशिरा सुटणाऱ्या प्रयोगानंतर सिडको, सातपूर किंवा नाशिकरोडला जायला वाहन मिळायला हवे. मुंबईहून येणारा नेपथ्याचा टेम्पो कसारा घाटात अडकला तर सेट उभा करायला लागणारे तीन-चार तास हातात राहत नाहीत, तिसरी घंटा लांबते आणि शेवटचा अंक लोक घड्याळाकडे बघत पाहतात. पितृपक्ष, परीक्षा, भारताचा क्रिकेट सामना, सिंहस्थातल्या पर्वणीचा रस्ताबंद हे सगळे बुकिंग खातात. यांतले काहीही नाट्यगृहाच्या मालकाच्या हातात नाही.

बुकिंग कमी असताना

अनुभवी व्यवस्थापक प्लॅन, म्हणजे कोणत्या खुर्च्या विकल्या गेल्या त्याचा तक्ता, बघूनच संध्याकाळचा अंदाज घेतो. तिकिटे कमी उठली असतील तर बाल्कनीची विक्री थांबवायची, मधल्या पट्ट्यातल्या रांगा पुढून मागे भरत न्यायच्या, कडेच्या खुर्च्या शेवटी द्यायच्या. बाल्कनीचे तिकीट आधीच काढलेल्याला खाली बसवावे, पण पहिल्या घंटेआधी. नाटक सुरू झाल्यावर केलेली उठबस रिकाम्या घरापेक्षा वाईट. फुकट पास वाटून घर भरण्याचा उपाय दिसायला सोपा आहे, मात्र एकाच शहरात दोनदा केला की लोक तिकीट काढण्याऐवजी पासची वाट बघू लागतात. नाशिकसारख्या ठिकाणी, जिथे तोच प्रेक्षक पुन्हा पुन्हा येतो, हे दुखणे लवकर जडते.

लौकिक तपासायचा तर

एका नाट्यगृहाचे किमान 25-30 प्रयोग घ्यावेत आणि प्रत्येकाची तारीख, वार, वेळ, दर, एकूण खुर्च्या, विकलेली तिकिटे आणि पास वेगवेगळे लिहावेत. नंतर तेच नाटक, त्याच महिन्यात, त्याच वाराला दुसऱ्या शहरात किती भरले ते पाहावे. टक्केवारी आणि प्रत्यक्ष माणसे या दोन्ही आकड्यांवर नजर हवी, नाहीतर छोटे घर कायम ‘लकी’ निघते. कॉन्ट्रॅक्टचे प्रयोग वगळावेत : तिथे संस्थेला ठरलेली रक्कम मिळते, बहुतेक प्रेक्षक निमंत्रित असतात आणि खिडकीवरच्या विक्रीशी त्याचा संबंध नसतो. करोनानंतर 22 ऑक्टोबर 2021 पासून नाट्यगृहे 50 टक्के क्षमतेने उघडली. त्या काळातला ‘हाऊसफुल’चा फलक म्हणजे निम्मे घर, म्हणून ते प्रयोगही वेगळे काढावेत.