न्हावा-शेवा बंदर : पर्यावरण व्यवस्थापन आणि देखरेख

रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. लोकांच्या तोंडी मात्र न्हावा-शेवा हेच नाव आहे. पाण्यापलीकडे मुंबई, जवळच घारापुरीचे बेट आणि भोवती तिवरांची, मिठागरांची नि कोळीवाड्यांची किनारपट्टी, अशी त्याची जागा आहे. बंदर मुख्यतः कंटेनरचे. गोव्यातल्या मुरगाव बंदरात कोळशाच्या भुकटीवरून वास्कोकरांची जी जुनी तक्रार आहे, ती इथे फारशी ऐकू येत नाही. इथला मूळ प्रश्न चिखलाचा आहे.

उधाणाच्या दिवसांत इथे भरती-ओहोटीच्या पातळीत चार-पाच मीटरचा फरक पडतो. पाण्याबरोबर गाळ सतत हलतो, पावसाळ्यात तो आणखी वाढतो. मोठ्या जहाजांना खोल वाट लागते, म्हणून ती पुन्हापुन्हा उपसावी लागते. ड्रेजर (गाळ उपसणारे जहाज) तळावरून सोंड ओढत चिखल-पाणी आपल्या पोटात घेतो. चिखल खाली बसतो, वरचे गढूळ पाणी पुन्हा समुद्रात सांडते आणि पोट भरले की ठरवून दिलेल्या जागी गाळ टाकला जातो. म्हणजे एकाच कामात पाणी तीन ठिकाणी ढवळले जाते. गढूळपणाने प्रकाश अडतो आणि तळातले जीव उपसले किंवा गाडले जातात.

देखरेख सुरू होते ती नमुन्यांपासून. नमुना भरतीला आणि ओहोटीला, वरच्या थरातून आणि तळाजवळून वेगवेगळा घ्यावा लागतो. नाहीतर आकडा खाडीचा नसून त्या घटकेचा ठरतो. विरघळलेल्या प्राणवायूसाठी बाटली होडीवरच ‘बांधतात’: बुडबुडा राहू न देता पाणी भरायचे, मग मँगनीजचे आणि आयोडाइडचे द्रावण घालायचे. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो, नसेल तर पांढराच राहतो. नेमका आकडा प्रयोगशाळेत निघतो, पण पाण्याची अवस्था होडीवरच कळून चुकते. तळाचा चिखल जबड्यासारख्या यंत्राने उचलून अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर धुतात. चाळणीवर उरलेले कृमी, शिंपले, छोटी कवचधारी मोजणे हे किचकट काम. मात्र बंदराचा दीर्घकाळचा परिणाम पाण्यापेक्षा या चिखलात जास्त खरा दिसतो. पाणी दोन भरत्यांत बदलते, तळ इतक्या लवकर बदलत नाही.

किनारी पाण्याच्या मानकांत बंदराच्या पाण्याचा वर्ग वेगळा आहे. तिथे प्राणवायू लिटरमागे ३ मिलिग्रॅम असला तरी चालतो. मिठागरे, शिंपले आणि मत्स्यशेतीच्या पाण्याला ५ लागतो. कागदावर ही दोन वेगळी पाणी आहेत, खाडीत ती एकच भरती आहे. उरणच्या वादाचे मूळ बरेचसे इथेच आहे. भराव, तोडलेली तिवरे आणि अडलेले भरतीचे प्रवाह यांमुळे मासळी गेली, अशी पारंपरिक मच्छीमारांची तक्रार होती. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. तो बंदरासह सिडको आणि ओएनजीसी यांनाही लागू होता. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. बंदराच्या हद्दीतले नमुने कितीही नियमित घेतले तरी निवटी, चिंबोरी कुठे मिळेनाशी झाली हे त्यांतून कळत नाही. ते कोळणीला विचारावे लागते.

अपघाताची तयारी हा दुसरा भाग. ७ ऑगस्ट २०१० रोजी या बंदरातून निघालेल्या ‘एमएससी चित्रा’ची मुंबईकडे येणाऱ्या ‘खलिजिया-३’शी टक्कर झाली. सुमारे ८०० टन तेल सांडले, कंटेनर पाण्यात पडले (काहींत कीटकनाशके होती) आणि दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. तेलाचा तवंग तिवरांच्या मुळांत शिरला, तिथून तो धुऊन काढणे जवळपास अशक्य असते. तेलगळतीसाठीच्या राष्ट्रीय आराखड्यानुसार ७०० टनांपर्यंतची गळती बंदराने स्वतःच्या साधनांनी आवरायची असते. त्याहून मोठी गळती असेल तर तटरक्षक दल सूत्रे हाती घेते.

जहाजांच्या तोल-पाण्यातून, म्हणजे तोल सांभाळण्यासाठी टाक्यांत भरलेल्या पाण्यातून, परके जीव येतात. त्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या ‘ग्लोबॅलास्ट’ प्रकल्पात जगातली सहा बंदरे प्रात्यक्षिकासाठी निवडली होती, त्यांत मुंबईचा समावेश होता. जहाजांच्या इंधनातील गंधकाची मर्यादा १ जानेवारी २०२० पासून ३.५ वरून ०.५ टक्क्यांवर आली. पण उरणच्या रहिवाशाला जहाजाच्या धुरापेक्षा ट्रेलरच्या रांगा जास्त जाचतात, कारण बहुतेक कंटेनर रस्त्यानेच जातात.

पर्यावरण मंजुरीतील अटींच्या पालनाचा अहवाल दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. २०२३ च्या ‘हरित सागर’ मार्गदर्शक सूचनांनी प्रमुख बंदरांपुढे २०३० पर्यंत दर टन मालामागे कार्बन उत्सर्जन ३० टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. हेच बंदर प्राधिकरण आता डहाणूजवळच्या वाढवण बंदरात ७४ टक्क्यांचे भागीदार आहे. त्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली, आणि तिथल्या मच्छीमारांचा विरोध तेव्हाही चालूच होता.