डी-डायमर: 'नाही' म्हणण्यासाठी घडलेली तपासणी

२०२१च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या लाटेत, महाराष्ट्रात घरोघरी तीन आकडे फिरत होते: एचआरसीटीचा (छातीच्या सीटी स्कॅनचा) स्कोअर, सीआरपी (रक्तातली सूज दाखवणारी तपासणी) आणि डी-डायमर (रक्ताच्या गुठळीशी संबंधित तपासणी). रिपोर्टचा फोटो व्हॉट्सॲपवर यायचा, आकडा ठळक छापलेला असायचा आणि घरातलं कुणीतरी विचारायचं, "म्हणजे गुठळी झालीय का?" खरं तर डी-डायमरला तो प्रश्न विचारायचाच नसतो.

नावातला 'डी' आला तो १९६१ सालच्या पॅरिसमधून. तिथल्या संशोधकांनी रक्त गोठवणाऱ्या फायब्रिनोजेन या प्रथिनाचे प्लाझ्मिनने, म्हणजे गुठळी विरघळवणाऱ्या एन्झाइमने, तुकडे पाडले, ते वेगळे केले आणि त्यांना सरळ ए, बी, सी, डी, ई अशी अक्षरं दिली. गुठळी होते तेव्हा फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे धागे तयार होतात आणि रक्त गोठवणारा तेरावा घटक शेजारशेजारच्या 'डी' टोकांना टाके घालतो. पुढे प्लाझ्मिन धागे कातरतं, पण हा टाका काही उसवत नाही. दोन 'डी' जोडलेलेच रक्तात येतात. ही जोडी म्हणजे डी-डायमर. १९७३च्या सुमारास ती नीट ओळखली गेली.

म्हणजे जोडी दिसली, तर शरीरात कुठेतरी फायब्रिन झालं आणि विरघळलं, एवढंच कळतं. पण ते तर ऑपरेशननंतर, गरोदरपणात, जंतुसंसर्गात, कॅन्सरमध्ये आणि नुसत्या वयानेही होत असतं.

आधीच्या तपासण्या फायब्रिनोजेनचे तुकडे आणि गुठळीचे तुकडे यांत फरकच करू शकत नव्हत्या. १९८३ साली ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या संशोधकांनी फक्त ती जोडी धरणारी मोनोक्लोनल अँटिबॉडी (एकाच लक्ष्याला चिकटणारं, प्रयोगशाळेत बनवलेलं प्रथिन) वापरून दाखवली आणि तपासणी दवाखान्यात येण्याजोगी झाली.

मात्र माझ्या मते खरी अक्कल आणली ती कॅनडाच्या फिलिप वेल्स यांनी, आणि तीही मोजपट्टीने. १९९०च्या दशकातल्या त्यांच्या, पायातल्या गुठळीची शक्यता ठरवणाऱ्या गुणपद्धतीत डॉक्टर गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजतात. सुजलेली पोटरी ३ सेंटिमीटरहून जास्त जाड भरली, तर एक गुण. कॅन्सर, प्लास्टर, अंथरुणाला खिळणं यांचे गुण वेगळे. दुसरंच कारण तितकंच संभवत असेल, तर दोन गुण वजा. शक्यता कमी आणि डी-डायमरही कमी, तर गुठळी बहुधा नाही, डॉपलर (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) टाळता येतो. शक्यता दाट असेल, तर रक्ताच्या आकड्यावर विसंबायचं नाही, थेट डॉपलर करायचा. रक्त पातळ करणारी औषधं आधीच सुरू असतील, तर आकडा खोटा दिलासा देऊ शकतो.

सीमारेषा सहसा ५०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. म्हाताऱ्या माणसांत ती फारच सहज ओलांडली जायची. २०१४ साली चार युरोपीय देशांतल्या अभ्यासाने फुप्फुसातल्या गुठळीच्या संशयासाठी सोपा हिशेब पडताळला: पन्नाशीनंतर वय गुणिले १०.

आता ७८ वर्षांच्या आजींचा रिपोर्ट घ्या. फुप्फुसात गुठळीचा संशय, पण शक्यता कमी, आकडा ०.७२ मिलिग्रॅम प्रति लिटर, म्हणजेच ७२० नॅनोग्रॅम. लॅबची मर्यादा ०.५, म्हणून ठळक छपाई. आजींची मर्यादा मात्र ७८०, म्हणजे त्या रेषेच्या आतच. पण हे एकक एफईयू (फायब्रिनोजेनच्या वजनाच्या हिशेबातलं) असेल तरच. त्याच रिपोर्टवर आकड्यापुढे बारीक अक्षरांत डीडीयू (नुसत्या डी-डायमरच्या वजनाच्या हिशेबातलं) लिहिलेलं असेल, तर तो आकडा एफईयूमध्ये जवळपास दुप्पट होतो, आणि मग आजींना सीटी स्कॅनला न्यावं लागतं.