सांदवाडीतलं तळं आणि नागपूरचा मे महिना

बागेतल्या तळ्याविषयीची बरीचशी माहिती थंड देशांतून आलेली असते. पाणी गोठलं तर मासे कसे वाचवायचे, यावर पानंच्या पानं भरलेली. नागपुरात तळ्याची परीक्षा मे महिन्यात होते, पारा 45 ओलांडतो तेव्हा. खड्डा दिवाळीनंतर खणा, पण हिशेब मेचा करा.

उन्हाळ्यात बरेचसे मासे गुदमरून मरतात. 20 अंशांच्या लिटरभर पाण्यात साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, 35 अंशांना जेमतेम 7. शिवाय पाणी दहा अंशांनी तापलं की माशाची ऑक्सिजनची गरज दुपटीच्या घरात जाते. आवक कमी, खर्च जास्त. त्यात पाणी हिरवं असेल, तर दिवसा ऑक्सिजन देणारं शेवाळ रात्री स्वतःच तो वापरू लागतं. त्यामुळे सगळ्यात घातक वेळ पहाटेची. उजाडताना मासे पाण्याच्या कडेला तोंड वर काढून गपागप करताना दिसले, तर त्यांना भूक लागलीय असं समजून दाणे टाकू नका. हवेचा पंप लावा. पाच वॅटचा पंप महिनाभर अखंड चालला तरी चार युनिटच्या आत वीज खातो.

उथळ तळं दुपारपर्यंत चहासारखं तापतं, म्हणून खोली अडीच फूट तरी हवी. लांबी पाच फूट आणि रुंदी तीन धरली, तर हजारेक लिटर पाणी मावतं. सिमेंटचं टाकं बांधायला मिस्त्री लगेच तयार होईल, पण काळ्या मातीत ते काम महागात पडतं. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि टाक्याला तडे देते. नव्या सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो तो वेगळाच. त्यापेक्षा शेततळ्याला अंथरतात तो जाड प्लास्टिकचा कागद घ्या. लांबीत खोलीची दुप्पट मिळवायची, वर काठासाठी दोन फूट, रुंदीलाही तेच. म्हणजे आपल्या खड्ड्याला 12 बाय 10 फुटांचा तुकडा लागेल. खाली जुन्या चुंगड्या, म्हणजे पोती, अंथरा, नाहीतर एखादी गिट्टी कागद फाडेल. काठ मात्र मिस्त्री वापरतो त्या पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनेच समतल करा. नजरेला सरळ वाटणारा काठ पाणी भरल्यावर एका बाजूने उघडा पडतो, आणि उघडा कागद उन्हाने कडक होऊन तडकतो. त्यावर फरशीचे तुकडे ठेवा. घरात लहान मूल असेल तर वर मजबूत जाळी हवीच.

नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवलं की त्यातला क्लोरीन बहुतेक उडून जातो. खरी वाट पाहावी लागते ती जिवाणूंची. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं बऱ्याच अंशी निरुपद्रवी नायट्रेट. ही वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून सुरुवातीला चार-पाचच मासे सोडावेत. इथेही मे महिना आडवा येतो. पाणी 20 वरून 30 अंशांवर गेलं की अमोनियातला विषारी वाटा साधारण दुप्पट होतो. उन्हाळ्यात दाणे निम्मे करा आणि वर हिरवी नेट बांधा.

गोल्डफिश दिसायला छान, पण तो थंड पाण्यातला जीव. नागपूरच्या उन्हात त्याचे हाल होतात. मी गप्पीच निवडेन. तिचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं, त्यामुळे पृष्ठभागालगतचं ऑक्सिजनयुक्त पाणी तिला कल्ल्यांतून घेता येतं. श्वासासाठी वर आलेली डासाची अळीही त्याच तोंडाने टिपते. डेंग्यूचा डास अंड्यापासून साधारण आठ-दहा दिवसांत उडू लागतो. गप्पी असलेल्या तळ्यात त्याला तेवढी सवड मिळत नाही. कूलरची टाकी मात्र तुम्हालाच आठवड्याला रिकामी करून घासावी लागेल.

मे महिन्यात रोज सेंटीमीटरभर पाणी सहज उडतं, क्षार मात्र मागे राहतात. नुसती भर घालत गेलं तर पाणी जड होत जातं. म्हणून आठवड्याला दोन-चार बादल्या काढून संत्र्याच्या किंवा लिंबाच्या झाडाला घाला. त्यातलं नायट्रेट झाडाला खतच आहे.

गप्पी थेट पिल्लंच घालते आणि भराभर वाढते. जास्तीची पिल्लं शेजाऱ्यांच्या टाक्यात द्या. फुटाळा तलावात किंवा नाग नदीत सोडू नका. गप्पी मूळची दक्षिण अमेरिकेकडची आहे, आणि इथल्या माशांच्या पिल्लांनाही अळ्यांइतक्याच आवडीने खाते.