घड्याळ की डेटा? मुक्तस्रोत ऑर्केस्ट्रेशन साधनांची पार्श्वभूमी

डेटा एका ठिकाणाहून उचलणे, स्वच्छ करणे, त्याची बेरीज-वजाबाकी करणे आणि अहवालासाठी तयार ठेवणे ही कामे करणारे प्रोग्राम वेगळे असतात. ते कोणत्या क्रमाने आणि केव्हा सुरू व्हावेत, एखादा फसला तर पुन्हा किती वेळा चालवून पाहावा आणि पुढचे थांबवावेत की नाही, हे पाहणारे सॉफ्टवेअर वेगळे असते. या दुसऱ्या प्रकाराला आता ऑर्केस्ट्रेशन म्हणतात. एअरफ्लो, प्रीफेक्ट, डॅग्स्टर ही त्यातील नावे गेल्या दहा-अकरा वर्षांत रुळली असली, तरी त्यांच्यातला मूळ प्रश्न युनिक्स या संगणक-प्रणालीतील १९७० च्या दशकातल्या दोन साधनांइतका जुना आहे. काम वेळ झाली म्हणून सुरू करायचे, की त्याला लागणारा डेटा तयार झाला म्हणून?

त्यांपैकी पहिले साधन मेक. बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते १९७६ मध्ये लिहिले. कोणती फाइल कोणत्या फाइलींपासून बनते हे मेकफाइलमध्ये नोंदवायचे. मग मेक प्रत्येक फाइल शेवटची केव्हा बदलली ते पाहते आणि आपल्या घटकांपेक्षा जुनी राहिलेली फाइल तेवढी नव्याने बनवते. मेकफाइलमधील आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू करावी लागते, रिकाम्या जागा चालत नाहीत, हा तिचा कुप्रसिद्ध नियम. तो गैरसोयीचा आहे हे फेल्डमन यांच्या लवकरच लक्षात आले होते, पण तोवर मेक वापरणारे डझनभर लोक झाले होते आणि त्यांच्या फाइली मोडू नयेत म्हणून त्यांनी टॅब तसाच ठेवला. डझनभर लोकांसाठी केलेली ती सवलत पुढे लाखो लोकांच्या वाट्याला आली.

दुसरे साधन क्रॉन, ठरलेल्या वेळी काम सुरू करणारे. '० २ * * *' या ओळीत मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार असे पाच रकाने आहेत आणि तिचा अर्थ 'रोज पहाटे दोन वाजता' एवढाच होतो. समजा, दोन वाजता विक्रीचा डेटा आणणारे काम सुरू होते आणि ते साधारण चाळीस मिनिटांत संपते, म्हणून त्याची बेरीज करणारे काम तीन वाजता ठेवले. एखाद्या रात्री डेटा जास्त असतो आणि पहिले काम सत्तर मिनिटे चालते. तीनच्या ठोक्याला दुसरे काम अर्धवट डेटावर बेरीज करते, कोणतीही चूक न दाखवता यशस्वी म्हणून संपते आणि सकाळी चुकीचा आकडा अहवालात येतो. क्रॉनचा यात काही दोष नाही. एका कामाचा दुसऱ्याशी संबंध असतो हे त्याला कधी सांगितलेलेच नव्हते. दोन कामांमध्ये अंदाजाने वेळ सोडण्याची ही पद्धत मात्र पुढे कित्येक वर्षे चालली आणि अनेक ठिकाणी अजूनही चालते.

प्रचंड डेटा अनेक संगणकांवर वाटून हाताळणाऱ्या हडूप या सॉफ्टवेअरच्या काळात हा प्रश्न टाळता येईनासा झाला, कारण एकेका अहवालामागे दहा-वीस कामांची साखळी उभी राहू लागली. याहूने त्यासाठी ऊझी तयार करून २०१० मध्ये खुले केले. २०११ मध्ये ते अपाची इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे अपाची या मुक्तस्रोत संस्थेच्या नव्या प्रकल्पांसाठीच्या उमेदवारीच्या टप्प्यात, गेले. हडूप हे नाव खेळण्यातल्या हत्तीवरून आलेले, म्हणून त्याला हाकणाऱ्यासाठी ब्रह्मी भाषेतला माहुतासाठीचा शब्द घेतला. ऊझीमध्ये कामांचा आलेख, म्हणजे कोणते काम कोणत्यामागून येते याचा नकाशा, एक्सएमएल या टॅगांनी भरलेल्या लेखनपद्धतीत लिहावा लागे: कुठे फाटा फुटतो, कुठे शाखा पुन्हा जुळतात, चूक झाली तर कोणत्या टोकाला जायचे, हे सगळे टॅगांमध्ये. दोन पायऱ्यांच्या साध्या कामालाही बरेच टंकन करावे लागे आणि त्यामुळे ऊझीची आठवण आज बहुधा एक्सएमएलपुरतीच निघते. हे थोडे अन्यायाचे आहे. त्याच्या कोऑर्डिनेटर या भागात एखादे काम ठरावीक वेळ झाली आणि शिवाय ठरावीक फोल्डरमध्ये डेटा पूर्ण झाल्याची खूणफाइल आली तरच सुरू करण्याची सोय होती. म्हणजे घड्याळ आणि डेटा या दोन्ही अटी एकत्र लावता येत होत्या. साधारण त्याच सुमारास लिंक्डइनने अझ्कबान काढले. ते वापरायला सोपे होते, पण विचार ऊझीच्या पुढे गेलेला नव्हता.

२०१२ मध्ये स्पॉटिफायने खुल्या केलेल्या लुईजीने दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे आलेख पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिता येऊ लागला. दुसरी अधिक महत्त्वाची: लुईजीतील प्रत्येक टास्क आपल्याला काय लागते आणि आपण काय निर्माण करतो हे जाहीर करते, आणि निर्माण होणारी फाइल अस्तित्वात असेल तर ते काम झालेच असे समजले जाते. हा सरळसरळ मेकचा वारसा आहे. साखळी मध्येच तुटली तर तीच आज्ञा पुन्हा द्यायची. झालेल्या पायऱ्या आपोआप वगळल्या जातात. या पद्धतीत एक काळजी अटळ होती. फाइल अर्धी लिहून प्रोग्राम कोसळला, तर ती अर्धी फाइलही 'अस्तित्वात' असते; म्हणून आधी तात्पुरत्या नावाने लिहायचे आणि पूर्ण झाल्यावरच खरे नाव द्यायचे, ही शिस्त लुईजीच्या वापरकर्त्यांना लागली. उणीव अशी, की लुईजी स्वतःहून वेळेवर जागे होत नसे. त्याला उठवण्यासाठी लोक क्रॉनच वापरत.

ऑक्टोबर २०१४ मध्ये एअरबीएनबीत मॅक्सीम बोशमां यांनी एअरफ्लोचे काम सुरू केले. त्याआधी ते फेसबुकमध्ये होते आणि तिथल्या डेटास्वॉर्म या अंतर्गत साधनाचा एअरफ्लोवर प्रभाव आहे. २०१५ मध्ये एअरफ्लोची जाहीर घोषणा झाली, २०१६ मध्ये ते अपाची इन्क्युबेटरमध्ये आले आणि जानेवारी २०१९ मध्ये अपाचीचा पूर्ण दर्जाचा प्रकल्प झाले. येथेही आलेख पायथनमध्येच लिहायचा होता; बाण एकाच दिशेने जाणाऱ्या आणि कुठेही फिरून मागे न येणाऱ्या या आलेखाला डॅग म्हणतात, आणि हा शब्द सर्वत्र पोहोचला तो एअरफ्लोमुळेच. कामे वेळेवर सुरू करणारा शेड्युलर त्याच्या पोटातच होता, प्रत्येक टास्कच्या प्रत्येक फेरीची स्थिती डेटाबेसमध्ये नोंदली जाई आणि पडद्यावर हिरव्या-लाल चौकटींच्या ओळींत दिसे. मागच्या मंगळवारची चौथी पायरी फसली होती हे एका नजरेत कळणे आणि त्या चौकटीवर क्लिक करून तेवढीच पायरी पुन्हा चालवता येणे, हे माझ्या मते एअरफ्लोच्या प्रसाराचे सर्वांत मोठे कारण आहे. त्याच्या अंतर्गत रचनेपेक्षाही मोठे.

त्या रचनेत मात्र घड्याळच मध्यभागी होते. एअरफ्लोतील एका कामाला दुसरे काम संपले एवढे कळत असे. त्याने कोणता तक्ता भरला, हे नाही. आणि वेळेची त्याची कल्पनाही चमत्कारिक होती. रोज चालणाऱ्या डॅगची १ मार्चची फेरी प्रत्यक्षात २ मार्चला, मध्यरात्र उलटल्यावर सुरू होई, पण तिच्यावर तारीख १ मार्चची असे. तिचे नाव एक्झिक्युशन डेट, म्हणजे शब्दशः 'चालवण्याची तारीख', आणि नेमके त्या तारखेला ती फेरी चालत नसे! यामागे तर्क होता. १ मार्चचा डेटा १ मार्च संपल्याशिवाय पूर्ण होत नाही, आणि फेरीला डेटाच्या दिवसाचे नाव दिले की सहा महिन्यांनीही तोच दिवस पुन्हा मोजता येतो, ज्याला बॅकफिल म्हणतात. म्हणजे ही तारीख घड्याळाची नसून डेटाची होती, फक्त तिचे नाव घड्याळाचे होते. २०२१ मध्ये २.२ आवृत्तीत तिला लॉजिकल डेट हे नाव मिळाले, तरी जुने नाव असंख्य डॅगमध्ये रुजलेले असल्याने तेही चालू ठेवावे लागले. मेकच्या टॅबची आठवण येते ती इथे.

एअरफ्लोचा शेड्युलर एकच असणे हीदेखील जुनी तक्रार होती. तो बंद पडला की सगळेच थांबे. डिसेंबर २०२० मधील २.० आवृत्तीत एकापेक्षा जास्त शेड्युलर एकाच वेळी चालवता येऊ लागले. तोवर प्रतिस्पर्धी उभे राहिले होते. प्रीफेक्टचे संस्थापक जेरेमाया लोविन स्वतः एअरफ्लोच्या व्यवस्थापन समितीवर होते, त्यामुळे त्यांची टीका आतून आलेली होती. २०२२ मधील प्रीफेक्टच्या दुसऱ्या आवृत्तीने आलेख आधीच पूर्ण मांडण्याची अटच काढून टाकली. साधे पायथन फंक्शन चालत असताना जो मार्ग घडेल तोच आलेख. अनेक संगणकांवर कंटेनर (प्रोग्राम आणि त्याला लागणारे सर्व काही असलेली बंदिस्त पेटी) चालवणाऱ्या कुबरनेटीसच्या जगात आर्गो वर्कफ्लोजने प्रत्येक पायरी स्वतंत्र कंटेनरमध्ये चालवली, लिफ्टचे फ्लाइट आणि नेटफ्लिक्सचे मेटाफ्लो मशीन लर्निंगच्या गरजांतून आले. चीनमधून आलेले डॉल्फिनशेड्युलर आलेख पडद्यावर ओढून-जोडून काढू देते आणि तेही अपाचीचा प्रकल्प आहे.

जुन्या प्रश्नाला थेट हात घातला तो डॅग्स्टरने. ग्राफक्यूएल या डेटा मागवण्याच्या भाषेच्या निर्मात्यांपैकी एक असलेले निक श्रॉक यांच्या या साधनात सुरुवातीला टास्कच होत्या, पण पुढे अ‍ॅसेट ही कल्पना केंद्रस्थानी आली. 'विक्रीची बेरीज' हा तक्ता अस्तित्वात असावा, तो 'विक्री' या तक्त्यापासून बनतो आणि बनवण्याची कृती अमुक, असे जाहीर करायचे. कामांचा क्रम साधन स्वतः काढते. मेक ओळखणाऱ्याला यात नवे फारसे काही वाटणार नाही, फक्त फाइलीच्या जागी डेटाबेसमधील तक्ता आला आहे. तरीही पंचेचाळीस वर्षांनंतर ही मांडणी पुन्हा पटू लागली याला कारण आहे. एकाच संस्थेत हजारो तक्ते झाले आणि 'हा आकडा कुठून आला' हा प्रश्न 'रात्रीचे काम झाले का' यापेक्षा जास्त वेळा विचारला जाऊ लागला.

एअरफ्लोनेही ही दिशा स्वीकारली. सप्टेंबर २०२२ मधील २.४ आवृत्तीत डेटासेट आले आणि एखादा डेटासेट बदलला की दुसरा डॅग सुरू करण्याची सोय झाली. एप्रिल २०२५ मधील ३.० आवृत्तीत त्यांचे नाव अ‍ॅसेट झाले, एक्झिक्युशन डेट हे नाव पूर्णपणे गेले आणि क्रॉनच्या पद्धतीने लिहिलेल्या वेळापत्रकातील फेरीवर, वेगळे सांगितले नसेल तर, ती प्रत्यक्ष सुरू होण्याची वेळच लिहिली जाऊ लागली.

या सोयीची एक मर्यादा सहज नजरेतून निसटते. एअरफ्लोच्या दृष्टीने अ‍ॅसेट म्हणजे मुळात एक पत्ता आहे. तो बदलल्याचे जाहीर करणारी टास्क यशस्वी झाली की अ‍ॅसेट बदलला असे मानले जाते. त्या पत्त्यावरचा तक्ता एअरफ्लो स्वतः उघडून पाहत नाही. टास्कने शून्य ओळी लिहिल्या तरी पुढचा डॅग सुरू होतो, आणि कोणी तो तक्ता हाताने बदलला तर काहीच होत नाही. बाहेरून येणाऱ्या संदेशांवर लक्ष ठेवणारे वॉचर ३.० मध्ये आले आहेत, पण तिथेही कोणीतरी संदेश पाठवावा लागतोच. मेक निदान फाइल कधी बदलली ते स्वतः जाऊन पाहत असे.