कोलचक लेकला एका दिवसाची फोटोग्राफी: कुठलं परमिट लागतं, कुठलं नाही

वॉशिंग्टन राज्यातल्या लेव्हनवर्थजवळच्या कोलचक लेकला जायचं तर लॉटरीत नंबर लागावा लागतो, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. हे तळं ज्या एन्चांटमेंट्स भागात येतं, तिथली ती प्रसिद्ध लॉटरी मुक्कामासाठी आहे: १५ मे ते ३१ ऑक्टोबर या काळात तिथे रात्र काढायची असेल, तर फेब्रुवारीच्या उत्तरार्धात रिक्रिएशन डॉट गव्हवर अर्ज करायचा. सकाळी चढून त्याच दिवशी उतरणाऱ्याने त्या भानगडीत पडायचं कारण नाही.

दिवसाच्या फेरीसाठी लागतं ते डे-यूज परमिट. ते फुकट असतं, आगाऊ मिळत नाही आणि आगाऊ काढावंही लागत नाही. स्टुअर्ट लेक ट्रेलहेडवर, म्हणजे वाट सुरू होते तिथे, पेटीत कोरे फॉर्म ठेवलेले असतात. आपली माहिती, तारीख, किती जण आणि कुठे चाललोय हे भरायचं, एक भाग पेटीत टाकायचा, दुसरा सॅकला लावायचा. ओळखपत्र लागत नाही, नागरिकत्वाची अट नाही. पेन मात्र स्वतःचं न्या. एका गटात जास्तीत जास्त आठ जण चालतात. कुत्र्याला या वाटेवर मनाई आहे, पट्टा बांधलेला असला तरी.

गाडीचा पास हा वेगळा कागद. नॉर्थवेस्ट फॉरेस्ट पास दिवसाला ५ डॉलर किंवा वर्षाला ३० डॉलर. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक ‘अमेरिका द ब्युटिफुल’ पासही चालतो. यातला जो पास असेल तो गाडीत बाहेरून दिसेल असा ठेवायचा. डे-यूज परमिट घेतलं म्हणजे पार्किंगचं भागलं, असं समजू नका.

आता कॅमेऱ्याचं. इथे २०२५ मध्ये मोठा फरक पडला. ४ जानेवारीला सही झालेल्या एक्सप्लोर कायद्यानुसार, सहापेक्षा कमी माणसं असतील, लोकांना खुल्या असलेल्या जागीच काम असेल, सामान हातात वाहून नेण्याजोगं असेल आणि इतरांना किंवा निसर्गाला त्रास होत नसेल, तर फोटो किंवा व्हिडिओसाठी वेगळं परमिट आणि शुल्क लागत नाही. त्यातून पैसे मिळणार आहेत की नाही, हा प्रश्नच आता उरलेला नाही. पूर्वी यूट्यूबवाल्यांची याच मुद्द्यावर अडचण व्हायची, आणि मला तरी तो नियम कधी पटला नव्हता. ट्रायपॉड, मोनोपॉड, हातातला दिवा यांना हरकत नाही. सहा ते आठ जण असतील, तर फॉरेस्ट सर्व्हिसची, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी वनखात्याची, परवानगी आधी घ्यायची. तिला शुल्क नाही.

पैसे घेऊन लोकांना फोटोग्राफी शिकवायला वर नेणं मात्र यात बसत नाही. तो गाइडचा व्यवसाय धरला जातो आणि त्याला स्पेशल यूज परमिट लागतं. ड्रोनचा तर विचारच सोडा. तळं अल्पाइन लेक्स वाइल्डरनेस या कायद्याने राखलेल्या रानाच्या हद्दीत आहे आणि वाइल्डरनेसमध्ये ड्रोन उडवणं किंवा उतरवणं बेकायदेशीर आहे.

वेळेबद्दल थोडं सविस्तर. जाऊन-येऊन साधारण ८ मैल आणि दोन हजार फुटांहून जास्त चढ. शेवटचा टप्पा दगडांचा आणि खडा. वाट उत्तरेकडून तळ्याशी पोचते, ड्रॅगनटेल आणि कोलचक ही शिखरं दक्षिणेला. म्हणजे भर दुपारी सूर्य समोर आणि डोंगराचा चेहरा सावलीत. पाण्याचा निळसर-हिरवा रंग मात्र तेव्हाही छान येतो, कारण तो हिमनदीने दळलेल्या दगडाच्या बारीक भुकटीचा आहे. लेन्सवर पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) असेल तर आणखी खुलतो. सकाळचा प्रकाश हवा असेल, तर हेडलॅम्प लावून पहाटेच निघा. डे-यूज परमिटवर अंधारात चालायला बंदी नाही. तंबू ठोकला की मुक्कामाचं परमिट लागतं. लवकर निघण्याचा दुसरा फायदा म्हणजे पार्किंग मिळतं, कारण उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी ते फार लवकर भरतं.

डोंगरी बकऱ्या दिसल्या, तर दीडशे फूट लांब राहा, लांबची लेन्स वापरा. मिठासाठी त्या माणसाच्या लघवीच्या मागे येतात, तेव्हा वाटेजवळ लघवीला बसू नका. शेकोटीला इथे बंदी आहे.

ट्रेलहेडकडे जाणारा ७६०१ क्रमांकाचा कच्चा रस्ता हिवाळ्यात बंद असतो, आणि तेव्हा येता-जाता काही मैलांची पायपीट वाढते. निघण्याआधी ओकानोगन-वेनाची नॅशनल फॉरेस्टच्या वेबसाइटवर रस्त्याची स्थिती आणि वणव्यामुळे काही बंद आहे का, हे पाहा.